गाडी कुणाची

हिला बेंड, ४ फेब्रुवारी

डेल,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडता बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता ओफेलियाच्या हातचा आहे. तेवढी लबाडी केली. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच.

काम साधं आहे. चार दिवस समुद्रावर यावं म्हणते. सीमेपलीकडे तुमच्या पेन्यास्कोलाच, गाडीने. अजून नक्की काही नाही, नुसतं मनात घोळतंय. पण तुझ्या गावात यायचं आणि सख्ख्या भावाला न कळवता परत जायचं हे बरं दिसत नाही. कळवून यावं, तर तू तोंडावर दार लावशील की काय, तेही ठाऊक नाही. म्हणून आधी विचारते.

क्लाइड नोव्हेंबरात गेला. हे ओफेलियाने तुला सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. नऊ दिवस दवाखान्यात होता. एकेचाळीस वर्षांचा संसार, पण त्या नऊ दिवसांत आम्ही बोललो ते बहुतेक थर्मासच्या झाकणाबद्दल. झाकण सापडत नव्हतं. आता सापडलंय.

घर खायला उठतं, असं लोक म्हणतात, ते मला कधी पटलं नव्हतं. मुलांची बस चालवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, मला शांतता मिळाली की मी देवाचे आभार मानायची. आता दुपारी चारला बसचा आवाज आला की मी दारात जाऊन उभी राहते. माझ्या जागी आलेली पोरगी हात हलवते. मीही हलवते. झाला माझा दिवस.

तर समुद्र. बाजूने आणि विरुद्ध असं सगळं मी कागदावर मांडून पाहिलं. बाजूने: आपण लहानपणी दर ईस्टरला जायचो. बाबा भरती-ओहोटीचा तक्ता फ्रिजवर चिकटवायचे, आई बटाट्याचं सॅलड करायची, आणि पाणी मैलभर मागे गेलं की आपण दोघं खडकांतल्या डबक्यांत खेकडे शोधायचो. दीडशे मैलांवर समुद्र आहे आणि एकोणीस वर्षांत मी तो पाहिलेला नाही. विरुद्ध: गाडी जुनी. हो, तीच निळी पिकअप. आणि शेजारची नेडीन.

"सहासष्ट वर्षांची एकटी बाई, आणि हे खटारं घेऊन सीमेपलीकडे? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" ती म्हणाली. "विमानाने सॅन दिएगोला जा. तिथलं पाणीसुद्धा खारटच असतं."

सॅन दिएगोचं पाणी थंड असतं. आणि तिथे माझं कुणी नाही.

ओफेलियाकडे विमा काढायला गेले होते. पेट्रोल पंपाशेजारची तिची खिडकी तू पाहिलेली नाहीस, ती नंतर झाली. सीमेच्या फाटकापलीकडे आपला इकडचा विमा चालत नाही म्हणून सगळे तिच्याकडून दिवसांवर विकत घेतात. ती सगळ्यांना तेच प्रश्न विचारते, वर न बघता. गाडी कुणाची? चालवणार कोण? कुठे उतरणार? मी नीट उत्तरं दिली. मग पुढचा प्रश्न आला आणि मला आठवलं की गॅसवर काहीतरी ठेवलंय, म्हणून निघून आले. पुन्हा जाईन.

दर गुरुवारी ती आईला भेटायला पेन्यास्कोला येते, हे पत्र तीच देईल. उत्तर तिच्याचकडे दे. दोन ओळी पुरेत.

लॉर्ना


हिला बेंड, २० फेब्रुवारी

डेल,

दोन गुरुवार गेले. मी ओफेलियाला विचारलं, दिलंस ना? ती म्हणाली, "हातात दिलं. होडीचं इंजिन उघडून बसला होता. हात पुसले, वाचलं, घडी घातली, आणि वर पान्हा ठेवला."

"काही बोलला?"

"मला म्हणाला, कॉफी घेणार का. चांगली करतो हो."

म्हणजे वाचलंस. मला तेवढं पुरे आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

काल गाडी धुतली. आतलं सगळं काढून अंगणात जुन्या चादरीवर मांडलं. हे क्लाइडचं काम, तो दर शनिवारी करायचा. तुला हे माहीत नसेल. तुझं ते प्रकरण झालं त्यानंतर एकही शनिवार त्याने चुकवला नाही. सीटखाली कोपरापर्यंत हात घालायचा, पायाखालची रबरं झटकायचा, ॲशट्रे काढून उपडा करायचा. आमच्यात कुणी सिगारेट ओढत नाही, त्यात सुटे पैसे आणि स्क्रू असायचे. एकेक स्क्रू तो हातावर घेऊन बघायचा. आणि आम्ही जायचो कुठे? दुकानात आणि चर्चला. मी खिडकीतून बघायची आणि काही बोलायची नाही.

घरातलं छोटं पिस्तूल त्याने त्याच वर्षी विकलं. साप निघाला की फावडं घेऊन जायचा.

तो शेवटपर्यंत म्हणायचा, "माझ्या विसरभोळेपणाने डेलचं आयुष्य गेलं." तू तुरुंगात होतास ते चार महिने तो दर रविवारी तिकडे यायचा, ते तू पाहिलंच आहेस. सुटल्यावर तू इकडे परत आलाच नाहीस. तुझी नोकरी गेली, जनेटने दुसरं घर केलं, आणि तू तिथेच होड्यांची इंजिनं दुरुस्त करत राहिलास. त्याने ते सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. तू त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, मग तर त्याची खात्रीच झाली.

आता खरं काम लिहिते. दवाखान्यात सातव्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं. "तू जाशील त्याच्याकडे?" म्हणाला. "समोर बसून सांग. म्हणावं, क्लाइडने माफी मागितली आहे. पत्राने नको." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

तर सुट्टी वगैरे काही नाही, डेल. मला निरोप पोचवायचा आहे. आणि गाडी निघत नाही.

गॅसवर त्या दिवशी काही नव्हतं. ओफेलियाचा पुढचा प्रश्न असतो, "गाडीत बंदूक, पिस्तूल, काडतुसं?"

लॉर्ना


हिला बेंड, ९ मार्च

डेल,

आले होते. फाटकापर्यंत.

मंगळवारी ओफेलियाच्या खिडकीशी चौथ्यांदा उभी राहिले. ती म्हणाली, "बाई, एक सांगू? माझ्या आईचं लग्न ठरायला याहून कमी खेपा लागल्या होत्या." मग तिने प्रश्न विचारले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटच्याचंही. नाही म्हणाले. चादरीवर सगळं पसरून स्वतः पाहिलं होतं, तरी नाही म्हणताना मागे वळून एकदा गाडीकडे बघितलं. तिने शिक्का मारला.

बुधवारी पहाटे उठून सॅलड केलं, बर्फाची पेटी भरली, तुझ्यासाठी ते लाल सालाचे शेंगदाणे घेतले. तुला अजून आवडतात की नाही कोण जाणे. रस्ता होता तसाच आहे. तेच उभे निवडुंग, खाणीचा तोच ढिगारा, आणि फाटक जवळ आलं की मोठ्या अक्षरांतली ती पाटी: शस्त्रं आणि काडतुसं पलीकडे नेणं गुन्हा आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ती एवढी मोठी होती का? मला आठवत नाही. असलीच पाहिजे.

शेवटच्या पंपापाशी परत फिरायला एक वळण आहे. मी तिथे थांबले. माझ्यामागून फीनिक्सचं एक कुटुंब आलं, टपावर बोट, मागच्या खिडकीत तीन पोरं. त्यांचा बाप खाली उतरून म्हणाला, "काकू, काही अडलंय का? ढकलून देऊ?"

मी म्हटलं, "गाडी ठीक आहे. मीच अडलेय."

तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते. ते पुढे गेले. फाटकावरचा तो नशिबाचा दिवा त्यांना हिरवा लागला, ते न थांबता गेले. मी तासभर बसले. दहा गाड्यांना हिरवा लागला, अकरावीला लाल. त्यातल्या माणसांना खाली उतरवून आतलं सगळं उघडलं, आणि पाच मिनिटांत सोडलंही. पाच मिनिटं, डेल. मी गाडी वळवली.

सॅलड मला चौघांच्याच मापाने करता येतं, आईचं माप तेच होतं. पाच दिवस तेच खाते आहे. आज संपेल.

नेडीनने विचारलं, "काय, कसा होता समुद्र?" मी म्हटलं, छान होता. असं खोटं बोलायला मला जड गेलं नाही, याचंच वाईट वाटलं.

लॉर्ना


हिला बेंड, २३ मार्च

डेल,

आज जे लिहायचंय ते मी तीनदा लिहून फाडलं. आता हा चौथा कागद, तो फाडणार नाही.

काडतुसं क्लाइडची नव्हती. माझी होती.

त्या ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पायऱ्यांखाली साप निघाला होता, शेपटी खुळखुळवणारा, चांगला हातभर. क्लाइड रस्त्याच्या कामावर गेला होता. मी पिस्तुलात ती बारीक छऱ्यांची सापावरची काडतुसं भरली आणि त्याला मारला. पाच उरली. बसची वेळ होत आली होती. पिस्तूल आत ठेवलं आणि मूठभर काडतुसं, घरात परत कुठे जा म्हणून, वाटेत उभ्या असलेल्या पिकअपच्या ॲशट्रेत टाकली. संध्याकाळी काढू म्हटलं. इथे सगळ्यांच्याच गाड्यांत असतात, कुणी त्यात काही पाहत नाही.

मग गुड फ्रायडेला आपण दोघं निघालो, क्लाइड शनिवारी दुसऱ्या कुणाच्या गाडीतून येणार होता. माझी पाठ धरली होती म्हणून तू चालवत होतास. दिवा लाल लागला. फाटकावरच्या माणसाने ॲशट्रे ओढला आणि पाचही काडतुसं हातावर घेतली. त्याने आधी इंग्रजीत विचारलं, मग स्पॅनिशमध्ये, मग पुन्हा इंग्रजीत: "गाडी कुणाची?"

मी बोलले नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "चालवतोय मी." तुला खाली उतरवलं. मला विचारलं, तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे? मी म्हटलं, नाही. हा शब्द मात्र लगेच आला.

मी त्यांना पार विसरले होते, डेल. त्याच्या हातावर दिसली तेव्हा मला आठवलं. शपथ घेऊन सांगते.

घरी आले तर क्लाइड डोकं धरून बसलेला. "मीच ठेवली असणार, मार्चमध्ये पिस्तूल घेऊन कॅनलवर गेलो होतो तेव्हा," म्हणाला. मी म्हणणार होते, नाही रे, ती माझी. मग वाटलं, उद्या सांगू. तुला सोडवल्यावर सांगू. तू परत आल्यावर सांगू. तू परत आला नाहीस आणि मी मूग गिळून बसले. दर शनिवारी तो माझ्यासमोर अंगणात चादर पसरायचा. एकोणीस वर्षांचे शनिवार मोजायला मी बसले होते एकदा, आणि अर्ध्यातच उठले.

आणि आता त्याने मलाच सांगून ठेवलंय, जा आणि माझ्या वतीने माफी माग. मी हो म्हटलं. खाटेवरचा माणूस, श्वास लागलेला, माझा हात धरून बसलेला, आणि तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. त्याला निदान हलक्या मनाने जाऊ द्यायला हवं होतं. मला या एकाच गोष्टीची इतकी लाज वाटते की बाकीची लाज त्यापुढे काहीच नाही.

तुला दार लावायचं असेल तर लाव. पण क्लाइडवरचा राग सोड. तो तुझा गुन्हेगार नव्हता.

तुझी बहीण, अजून तसं म्हणू देशील तर,
लॉर्ना


सीमेवर, रांगेत, १५ एप्रिल, सकाळी

डेल,

हे पत्र ओफेलियाकडे जायचं नाही. कागद स्टिअरिंगवर टेकवून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय. पवित्र आठवडा, त्यामुळे सगळा ॲरिझोना आज समुद्रावर निघालाय. माझ्यापुढे तीसेक गाड्या असतील.

तुझं उत्तर ओफेलियाने गुरुवारी दिलं. पाकीट खिडकीतून सरकवलं आणि उगाच कागद नीट करत बसली. मी ते घरी नेऊन वाचलं. आता पाठ झालंय, तरी तुझेच शब्द इथे पुन्हा लिहिते, कारण ते माझ्या हाताने एकदा लिहायला हवेत.

"लॉर्ना, तुझी होती हे मला तेव्हाच कळलं होतं. दिवा लाल झाला आणि तुझा हात ॲशट्रेवर गेला. त्या माणसाने अजून दारसुद्धा उघडलं नव्हतं. म्हणून मी बोललो. त्याचं मला वाईट वाटत नाही, तेव्हाही वाटलं नाही. पण क्लाइड दर रविवारी यायचा, जाळीपलीकडे बसून रडायचा, माझं चुकलं म्हणायचा. मी एक वाक्य बोललो असतो तर तो सुटला असता. बोललो नाही. त्याला कळलं असतं तर तुझं घर राहिलं नसतं, असं मला वाटलं. मग मला त्याच्याकडे बघवेना. म्हणून परत आलो नाही, म्हणून पत्रांना उत्तर दिलं नाही. त्याच्यावर मला कधीच राग नव्हता. त्याला वाटलं, होता. तसंच वाटत तो गेला. १५ तारखेला पाणी खूप मागे जाईल. तक्ता जोडला आहे. ये, नाहीतर नको येऊस."

तक्त्यावर तू पेनाने गोल केलाय. बाबा करायचे तसाच, दोनदा फिरवून.

शपथ घेऊन मी तुला पुन्हा खोटंच लिहिलं होतं. मी विसरले नव्हते. म्हणजे, वाटेत विसरले होते, पण दिवा लाल झाला त्या क्षणी आठवलं. हात गेला होता. तो माणूस गाडीपाशी येईपर्यंत मला वेळ होता. दहा-बारा पावलं असतील. तेवढ्यात मी तुला सांगू शकले असते, त्याला सांगू शकले असते. मी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. कबुली द्यायला बसले तरी तेवढं मी झाकून ठेवलं, आणि तू ते एकोणीस वर्षांपूर्वीच पाहिलेलं होतंस.

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस तुझ्यावर चिडले होते, हेही लिहून टाकते. वाटलं, याने एक ओळ लिहिली असती. क्लाइडला नाही, मला लिहिली असती, "मला माहीत आहे, आता त्याला सांग," तर मी सांगितलं असतं. मग वाटलं, नसतं सांगितलं. आपण दोघांनी मिळून एका भल्या माणसाला चादर पसरायला लावली. तू माझ्या मायेपोटी, मी भीतीपोटी. त्याच्या दृष्टीने दोन्हीत काय फरक होता? आता हे बोलायला जगात तू आणि मीच उरलोय, आणि ज्याच्याशी बोलायला हवं तो नाही. मला फार एकटं वाटतं, डेल. क्लाइड असतानाही वाटायचं, त्याचं कारण मला आता कळतं.

त्याचा निरोप मी तुला सांगणार आहे, जसा त्याने दिला तसाच, समोर बसून. आणि मग तू आणि मी काय करायचं ते ठरवू. मला तरी काही सुचत नाही. सॅलड आणलंय, चौघांच्या मापाचं. तू नाही खाल्लंस आणि तिघांचे वाटे उरले, तर उरू देत.

पुढे आता सहा गाड्या. ओफेलियाचा विमा काचेवर लावलाय. निघताना तिने नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत, नुसता शिक्का मारला. मीच म्हटलं, "विचार की." तिने मान वर करून विचारले, सगळे.

चार गाड्या. मघापासून सगळ्यांना हिरवा लागतोय. मलाही हिरवा लागला तर तासाभरात तुझ्या दारात असेन, आणि पाणी मागे गेलेलं असेल तोवर पोचेन. लाल लागला तर उशीर होईल. थोडा वेळ थांब.

खरं सांगते, लाल लागावा असंच मला वाटतंय. गाडीत काही नाही, रात्रीपर्यंत शोधलं तरी त्याला काही सापडायचं नाही. पण त्याने खिडकीशी यावं, आत डोकावावं आणि गाडी कुणाची म्हणून विचारावं. इंग्रजीत विचारू दे, नाहीतर स्पॅनिशमध्ये, मी थांबणार नाही. माझी, म्हणेन.